दरमहा व्याज आणि पैसे काढण्याच्या मर्यादा: बचत खातं, पोस्टाची मासिक उत्पन्न योजना (एमआयएस) आणि मुदत ठेव वापरताना कुठे काय तपासायचं

‘महिन्याला व्याज देणारं खातं’ ऐकलं की बहुतेक जण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. व्याज जमा होतं कधी ही एक, आणि ते मोजलं जातं कशावर ही दुसरी. तिसरी गोष्ट, पैसे मध्येच काढले तर काय कापलं जातं, ती तर ठेव मोडायला खिडकीवर उभं राहिल्यावरच कळते. नुकसान जवळजवळ नेहमी दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीत होतं, पण चौकशी होते ती फक्त पहिलीची. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. पहिले दोन टाळून थेट एमआयएसचा फॉर्म भरू नका.

टप्पा १: आधी तीन कागद समोर ठेवा

गेल्या तीन महिन्यांचं खाते विवरण किंवा भरून घेतलेलं पासबुक. बँकेचं सध्याचं शुल्कपत्रक. आणि मुदत ठेव असेल तर तिची पावती. शुल्कपत्रक बँकेच्या वेबसाइटवर असतं, पण तिथे एकाच बँकेच्या पाच-सहा प्रकारच्या बचत खात्यांचे तक्ते सापडतात. तुमच्या खात्याचा नेमका प्रकार आधी पासबुकच्या पहिल्या पानावर किंवा ॲपमध्ये पाहा. पगार खातं, साधं बचत खातं आणि ज्येष्ठ नागरिक खातं यांच्या मर्यादा वेगळ्या असतात. नोकरी सुटली आणि पगार येणं थांबलं की पगार खात्याचं काही महिन्यांत साधं खातं होतं आणि किमान शिल्लक लागू होते. हे एसएमएसने कळवलेलं असतं आणि तो एसएमएस कोणी वाचलेला नसतो.

विवरणावर तीन रंगांनी खुणा करा: व्याज जमा झालेल्या नोंदी, एटीएममधून काढलेली रोकड आणि कापलेलं शुल्क. पुढचं सगळं यावर चालणार आहे.

टप्पा २: बचत खात्याचं व्याज स्वतः मोजून पाहा

१ एप्रिल २०१० पासून बँकांना बचत खात्याचं व्याज रोजच्या शिल्लकेवर मोजावं लागतं. दिवस संपताना खात्यात जी रक्कम असेल ती त्या दिवसाची शिल्लक. जमा मात्र तिमाहीला किंवा त्याहून लवकर करायचं असतं. म्हणून बऱ्याच बँका तीन महिन्यांनी देतात आणि काही दरमहा.

सूत्र सोपं आहे: दिवसाची शिल्लक × दर ÷ ३६५००. समजा दर २.५ टक्के आहे. ३० दिवसांच्या महिन्यात १ ते १० तारखेपर्यंत खात्यात ८०,००० होते, ११ ला ५०,००० काढले आणि पुढचे २० दिवस ३०,००० राहिले.

८०,००० × १० = ८,००,०००
३०,००० × २० = ६,००,०००
बेरीज १४,००,००० × २.५ ÷ ३६५०० = ९५ रुपये ८९ पैसे

आता ‘दरमहा व्याज’ या जाहिरातीची किंमत काढू. एक लाख रुपये वर्षभर २.५ टक्क्यांनी पडून राहिले, तर तिमाही जमा आणि मासिक जमा यांत वर्षाला साधारण ५ रुपयांचा फरक पडतो. दर ४ टक्के असेल तर साधारण १४ रुपयांचा. एवढ्यासाठी खातं बदलू नका. बदलायचंच असेल तर दरासाठी बदला, आणि तो दर किती शिल्लकेपासून लागू होतो ते वाचून. एक लाखापर्यंतच्या शिल्लकेला बँकेला एकच दर द्यावा लागतो. एक लाखाच्या वर मात्र वेगवेगळे दर ठेवता येतात. ‘७ टक्क्यांपर्यंत’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असलं तर तो दर अनेकदा कित्येक लाखांच्या वरच्या रकमेलाच असतो.

> तपासा: तुमचा आकडा आणि बँकेचा आकडा यांत रुपया-दोन रुपयांचा फरक चालेल. जास्त असेल तर बहुधा तुम्ही व्यवहाराची तारीख धरली आहे आणि बँकेने चेक प्रत्यक्ष वटल्याची.

टप्पा ३: पोस्टाच्या बचत खात्याला १० तारखेचा नियम लावा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण लोक बँकेचं गणित पोस्टाला लावतात. पोस्टाच्या बचत खात्याचा दर ४ टक्के आहे, पण व्याज रोजच्या शिल्लकेवर नसतं. महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तेवढ्यावरच त्या महिन्याचं व्याज मिळतं. जमा होतं वर्षातून एकदा, आर्थिक वर्षाच्या शेवटी.

वरचंच उदाहरण पोस्टात घ्या. ११ तारखेला ५०,००० काढल्याने १० ते ३० मधली नीचांकी शिल्लक ३०,००० झाली. महिन्याचं व्याज १०० रुपये. दर दीड टक्का जास्त असूनही बँकेपेक्षा फक्त चार रुपये जास्त मिळाले. हीच शिल्लक ४ टक्क्यांनी रोजच्या रोज मोजली असती तर १५३ रुपये झाले असते.

रक्कम मोठी असेल तर तारीख आणखी महागात पडते. पोस्टात तीन लाख आहेत आणि २८ तारखेला सगळे काढले, तर त्या महिन्याचे जवळपास १,००० रुपये गेले. तीन-चार दिवस थांबून पुढच्या महिन्याच्या १ तारखेला काढले असते तर ते मिळाले असते.

म्हणून क्रम असा ठेवा. पैसे भरायचे ते १० तारखेच्या आत. चेकने भरत असाल तर चेक वटायचे दिवस धरून महिन्याच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत भरा. काढायचे ते १ ते ९ दरम्यान, कारण त्या महिन्याची मोजणी तेव्हा सुरूच झालेली नसते. ५०० रुपयांची किमान शिल्लक मोडू नका. आर्थिक वर्षाच्या शेवटी ती नसेल तर ५० रुपये कापले जातात.

टप्पा ४: दरमहा उत्पन्नच हवं असेल तर एमआयएस, पण मर्यादा आधी मांडा

पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेचा दर एप्रिल २०२३ मध्ये ७.४ टक्के झाला. सरकार दर तिमाहीला दरांचा आढावा घेतं, तेव्हा खातं उघडायच्या दिवशी खिडकीवर दर विचारा. एकदा खातं उघडलं की तोच दर पाचही वर्षं राहतो.

एकट्याच्या नावावर जास्तीत जास्त ९ लाख, संयुक्त खात्यात १५ लाख. ७.४ टक्क्यांनी ९ लाखांवर महिन्याला ५,५५० रुपये आणि १५ लाखांवर ९,२५० रुपये मिळतात.

घोळ होतो तो इथे. संयुक्त खात्यातला प्रत्येकाचा वाटा समान धरतात आणि तो त्या व्यक्तीच्या ९ लाखांच्या मर्यादेत मोजतात. नवऱ्याने स्वतःच्या नावावर ९ लाख ठेवले आणि मग बायकोबरोबर १५ लाखांचं संयुक्त खातं उघडलं, तर त्याचा हिशेब ९ अधिक साडेसात, म्हणजे साडेसोळा लाख होतो. जादा रक्कम परत करतात आणि तिच्यावर तेवढ्या काळाचं फक्त बचत खात्याच्या दराने व्याज देतात. दोघांनी मिळून पूर्ण मर्यादा वापरायची असेल तर गणित असं बसतं: संयुक्त १५ लाख, शिवाय प्रत्येकाच्या नावावर दीड-दीड लाख. एकूण १८ लाख.

> सावधान: वेगवेगळ्या पोस्टांत खाती उघडली म्हणून मर्यादा वेगळी होत नाही. पुण्यात सिटी पोस्टात एक आणि कॅम्पातल्या मुख्य टपाल कार्यालयात दुसरं, तरी सगळ्यांची बेरीजच धरतात.

टप्पा ५: एमआयएस उघडण्याची तारीख निवडा

व्याज कॅलेंडर महिन्याप्रमाणे मिळत नाही. खातं ज्या तारखेला उघडलं त्या तारखेपासून महिना पूर्ण झाला की मिळतं. २३ तारखेला उघडलं तर पाच वर्षं दर २३ तारखेला. सोसायटीचा मेंटेनन्स, औषधं, घरकामाच्या मावशींचा पगार हे सगळं महिन्याच्या सुरुवातीला द्यायचं असेल तर ते सोयीचं नाही.

१. महिन्याच्या १ ते ८ मधला कामाचा दिवस निवडा. व्याज काढायला उशीर झाला तरी रक्कम १० तारखेआधी बचत खात्यात आलेली असते आणि त्या महिन्याच्या मोजणीत बसते. १२ तारखेला जमा होणारं व्याज त्या महिन्यापुरतं फुकट बसून राहतं. फरक महिन्याला पंधरा-वीस रुपयांचाच आहे, पण तो मिळवायला कष्टही नाहीत.

२. आधी त्याच पोस्टात बचत खातं उघडा, त्याचं केवायसी पूर्ण करा, आणि मगच एमआयएसचा फॉर्म द्या. ओळखपत्रं, पॅन, आधार आणि फोटो यांचे दोन संच न्या.

३. फॉर्मवर व्याज आपोआप बचत खात्यात वळवण्याचा रकाना भरा. हा रकाना रिकामा सोडणं ही सर्वांत महाग चूक आहे. न उचललेल्या मासिक व्याजावर पुन्हा व्याज मिळत नाही. दोन वर्षं उचललं नाही तरी रक्कम तेवढीच राहते.

४. वारसाची नोंद त्याच दिवशी करा आणि पासबुकवर ती छापून आलेली पाहूनच खिडकी सोडा.

> तपासा: पहिल्या व्याजाच्या तारखेनंतर दोन दिवसांनी पासबुक भरून घ्या. रक्कम बचत खात्यात दिसली नाही तर वळवण्याची नोंद झालेली नाही, असं समजा.

पैसे मध्येच लागले तर? पहिल्या वर्षात एमआयएस मोडता येत नाही. एक वर्षानंतर आणि तीन वर्षांच्या आत मोडल्यास मुद्दलाच्या २ टक्के कापतात; तीन वर्षांनंतर आणि पाच वर्षांच्या आत १ टक्का. ९ लाखांवर १८,००० किंवा ९,००० रुपये. थोडे पैसे काढायची सोय नाही, खातं पूर्ण बंद करावं लागतं. म्हणून ९ लाखांचं एकच खातं काढण्याऐवजी तीन-तीन लाखांची तीन खाती काढा. अडचण दोन लाखांची आली तर एकच मोडेल आणि कपात १८,००० ऐवजी ६,००० होईल. पासबुकं तीन सांभाळावी लागतात, एवढाच त्रास.

पाच वर्षं झाली की खातं आपोआप पुढे चालू होत नाही. मुदतीची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवता येत नाही, पाच वर्षं लांब असते. फोनमध्ये आठवण लावा.

टप्पा ६: बँकेची दरमहा व्याजाची मुदत ठेव

बँकेची मुदत ठेव तिमाहीच्या हिशेबाने चालते. व्याज दरमहा घेतलंत तर बँक ते तिमाहीआधी देते म्हणून थोडं कमी देते. ७ टक्क्यांनी एका लाखावर महिन्याला ५८३ रुपये यायला हवेत असं वाटतं. प्रत्यक्षात साधारण ५८० येतात. बँकेने फसवलं म्हणून भांडायला जाऊ नका, पद्धतच ती आहे. महिन्याला नक्की किती हवेत हे ठरवून मुद्दल काढत असाल तर ही घट धरा.

मुदतीआधी ठेव मोडल्यावर मात्र खरा धक्का बसतो. बँक मूळ दर सोडून देते. ठेव जितका काळ राहिली त्या काळाचा, ठेव ठेवली तेव्हाचा दर घेते आणि त्यातून दंड वजा करते. तो बहुधा अर्धा ते एक टक्का असतो. दरमहा व्याज तर तुम्ही जुन्या, जास्त दराने आधीच घेतलेलं असतं. तो फरक मुद्दलातून वळता होतो.

आकड्यांत पाहा. पाच लाख, तीन वर्षांसाठी, ७ टक्के, दरमहा व्याज. एका वर्षाने मोडली. तेव्हा एक वर्षाचा दर ६.५ होता, दंड १ टक्का, म्हणून ५.५ टक्केच लागू. वर्षभरात तुम्हाला सुमारे ३४,८०० मिळाले, हक्काचे होते सुमारे २७,४००. उरलेले ७,४०० मुद्दलातून कापून हातात ४,९२,६०० येतात.

ठेव ठेवताना तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं पावतीवर किंवा ईमेलवर घ्या: दंड किती, अंशतः मोडता येते का, आणि ही ठेव मुदतीआधी मोडता येणारी आहे ना. एक कोटीपर्यंतच्या वैयक्तिक ठेवींना मुदतपूर्व मोडण्याची सोय द्यावीच लागते, तेव्हा ‘मोडता येणार नाही’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. कर वाचवण्याची पाच वर्षांची ठेव त्याला अपवाद आहे. ती मोडत नाही.

इथेही तोच तोडगा: पाच लाखांची एक ठेव नको, एक-एक लाखाच्या पाच पावत्या करा.

टप्पा ७: पैसे काढण्याच्या चार मर्यादा वेगळ्या करा

‘माझी लिमिट संपली’ म्हणणाऱ्याला कुठली ते सांगता येत नाही. त्या चार आहेत: एका व्यवहारात यंत्र किती देतं, कार्डावर दिवसाला किती निघतात, महिन्याला किती व्यवहार मोफत, आणि शाखेतून रोकड किती. पहिल्या दोन ओलांडल्या तर व्यवहार नाकारला जातो. तिसरी ओलांडली तर पैसे मिळतात आणि शुल्क गुपचूप कापलं जातं. म्हणून लक्ष तिसरीकडे ठेवा.

स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला किमान ५ व्यवहार मोफत. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर मेट्रो शहरात ३, इतरत्र ५. या नियमापुरती मेट्रो शहरं सहाच आहेत: मुंबई, नवी दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू आणि हैदराबाद. वनाझहून मेट्रो धावते म्हणून पुणे या यादीत आलेलं नाही आणि इथे ते फायद्याचंच आहे. खातं कुठल्या शाखेचं आहे याला महत्त्व नाही, एटीएम कुठे आहे ते पाहतात. डेक्कनवरच्या परक्या एटीएमला पाचचा हिशेब, दादरच्या एटीएमला तीनचा.

मर्यादेपलीकडे १ मे २०२५ पासून एका व्यवहाराला जास्तीत जास्त २३ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे २७ रुपये १४ पैसे. सहाव्यांदा ५०० रुपये काढले तर पाच टक्क्यांहून जास्त रक्कम शुल्कातच गेली.

मोजणीत काय धरतात याबद्दल गैरसमज फार आहेत:

- परक्या एटीएमवर नुसती शिल्लक पाहिली तरी एक व्यवहार संपतो. स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर शिल्लक पाहणं मोजत नाहीत.
- यंत्रात रोकड नव्हती, तांत्रिक बिघाड झाला किंवा पिन चुकला, तर तो व्यवहार मोजत नाहीत.
- खात्यात पैसे कमी असल्याने व्यवहार नाकारला गेला तर अनेक बँका वेगळं शुल्क घेतात. आधी ॲपवर शिल्लक पाहा.
- दुकानात यूपीआयने दिलेले पैसे यात येत नाहीत. एटीएमवर क्यूआर स्कॅन करून काढलेली रोकड मात्र येते.

खात्यातून रक्कम गेली आणि नोटा आल्याच नाहीत, तर बँकेने व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे परत जमा करायचे असतात. उशीर झाला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. चिठ्ठी जपून ठेवा. चिठ्ठी आली नसेल तर एटीएमवर लिहिलेला त्याचा क्रमांक आणि वेळ यांचा फोटो काढा. तक्रार ज्या बँकेचं कार्ड आहे तिच्याकडे करायची, एटीएम कोणाचंही असो.

किमान शिल्लक दिवसागणिक नसून महिन्याच्या सरासरीवर असेल तर एक सोय होते. १०,००० सरासरी हवी म्हणजे ३० दिवसांची बेरीज तीन लाख हवी. खातं महिनाभर रिकामं राहिलं तरी तीन लाख एका रात्रीपुरते ठेवले की सरासरी भरते. अखेरच्या आठवड्यात बेरीज करून तूट काढा आणि उरलेल्या दिवसांनी भागा. तेवढी रक्कम ठेवली की दंड टळतो.

लग्नसराईत शाखेतून मोठी रोकड हवी असेल तर एक दिवस आधी कळवा. आर्थिक वर्षात एका बँकेतून एक कोटीच्या वर रोकड काढली तर वरच्या रकमेवर २ टक्के करकपात होते.

टप्पा ८: सहकारी बँक किंवा पतसंस्थेत ठेवत असाल तर

पुण्यात आणखी एक मर्यादा लोकांना ठाऊक आहे: रिझर्व्ह बँकेने घातलेली. रुपी को-ऑपरेटिव्ह बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये परवाना रद्द झाला. मधली सगळी वर्षं खातेदारांना स्वतःचे पैसे हवे तसे काढता आले नाहीत.

ठेव विम्याचं संरक्षण ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाख आहे. त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात, आणि सर्व शाखांतली खाती एकत्र. २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागल्यावर ही रक्कम ९० दिवसांत द्यायची तरतूद आहे. व्याज मुदतीअखेर घेणाऱ्या ठेवीत मुद्दल साडेचारच्या आत ठेवा, कारण व्याज साचून आकडा पाचच्या वर जातो. व्याज दरमहा घेत असाल तर ते साचत नाही, ४ लाख ९० हजारांपर्यंत चालेल. त्याच बँकेतल्या बचत खात्याची शिल्लक त्यात मिळवायला विसरू नका.

पतसंस्थेला हा विमा लागू नाही. पाटीवर ‘बँक’ आहे की ‘पतसंस्था’ ते वाचा. दर एक-दीड टक्का जास्त दिसतो तो याच जोखमीचा.

टप्पा ९: कर

बचत खात्याच्या व्याजावर बँक करकपात करत नाही, पण ते उत्पन्नात दाखवावं लागतं. जुन्या करप्रणालीत १०,००० पर्यंत वजावट आहे. ज्येष्ठांना ठेवींसह ५०,०००. नव्या प्रणालीत दोन्ही नाहीत. पोस्टाच्या बचत खात्याचं ३,५०० पर्यंतचं व्याज, संयुक्त खात्यात ७,००० पर्यंतचं, करमुक्त आहे. मुदत ठेवीवर एका बँकेत वर्षाचं व्याज ५०,००० च्या वर गेलं की कपात होते. ज्येष्ठांना ही मर्यादा एक लाख. दोन्ही मर्यादा एप्रिल २०२५ पासूनच्या. उत्पन्न करपात्र नसेल तर स्वयंघोषणापत्र एप्रिलमध्येच द्या. डिसेंबरात दिलं तर आधी कापलेला कर बँक परत करत नाही, त्यासाठी विवरणपत्र भरावं लागतं.

काही चुकलंच तर

चुकीचं शुल्क कापलं, व्याज कमी आलं, भरपाई मिळाली नाही, तर आधी शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी बोलणं धरलं जात नाही. अर्जात नोंदीची तारीख, रक्कम आणि टप्पा २ मधलं तुमचं गणित लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला शुल्क नाही आणि वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पोस्टाच्या खात्यांची तक्रार मात्र तिथे चालत नाही. ती टपाल खात्याकडेच करायची.